निरुपद्रवी तारामासा

९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

शनिवारची शाळा सुटली की सिस्टर आपल्या दोघींना शिवणवर्गातलं काचेचं कपाट पुसायला लावायच्या, आठवतं? बाबांना न्यायला यायला उशीर व्हायचा आणि रिकाम्या बसलेल्या मुली सिस्टरांना बघवत नसत. कपाटात शंख, शिंपले, पोवळ्याचा एक पांढरा तुकडा आणि मधोमध तो वाळलेला तारामासा. मी काच पुसायची, तू कप्पे. "हात लावायचा नाही," असं बजावलेलं असतानाही एकदा तू तो सरळ उचललास, उलटा केलास आणि माझ्या नाकासमोर धरलास. "हे बघ, याचं तोंड खाली असतं. वरून कळतच नाही, खातोय की उपाशी आहे." मग फ्रॉकच्या टोकाने त्याची धूळ झटकून परत ठेवलास. सिस्टर आल्या तेव्हा तू अगदी साळसूदपणे खालचा कप्पा पुसत होतीस. बोलणी मला बसली, काचेवर बोटं उमटली म्हणून.

तीन वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि सुरुवात तारामाशाने, म्हणून हसू नकोस. फोन केला असता. पण फोनवर तू "हं" म्हणतेस आणि गप्प बसतेस. कागदाला निदान "हं" म्हणता येत नाही.

एक प्रश्न विचारायचा आहे. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलंस, तेव्हा तुलाच विचारणार ना. घरातल्या टाकीत प्रवाळांबरोबर तारामासा ठेवला तर चालतो का? तो त्यांना काही करतो का?

मुलाच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर टाकी आहे. घरीच मीठ कालवून केलेलं समुद्राचं पाणी आणि त्यात जिवंत प्रवाळं. मी इथे राहायला आले तशी टाकी हळूहळू माझ्याकडे आली. मुलगा पुलांचे आराखडे काढतो, सूनबाईंचा फिजिओचा दवाखाना आहे. दोघं सकाळी बाहेर पडतात ती दिवे लागल्यावर येतात. काच घासणं, मासे मोजणं, पाणी भरणं ही कामं माझी. टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून वरून भर घालायची ती साध्या पाण्याची, मिठाच्या नव्हे. दोन बादल्या शेजारी शेजारी असतात. दिसायला पाणी सारखंच.

डिसेंबरात मुलाने एक तारामासा आणला. बिस्किटी रंगाचा, म्हणून त्याचं नाव बिस्किट. दुकानदार म्हणाला, एकदम सेफ. त्यानंतर काही आठवड्यांनी बटणं मिटायला लागली. बटणं म्हणजे एका जातीची प्रवाळं, शर्टाच्या बटणाएवढी, मुलाची सगळ्यात लाडकी. मिटली ती उघडलीच नाहीत. खडकावर पांढरे चट्टे राहिले.

मुलाने खारटपणा मोजला. आकडा किंचित वर होता. मग आवाज न चढवता, अगदी हळू म्हणाला, "आई, तू चुकून मिठाची बादली ओतलीस का गं?"

"नाही," म्हणाले.

"नक्की?"

मला आपलं नुसतं कुतूहल आहे, एवढंच. पोस्टकार्डावर दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

तुझी
धाकटी

ता. क. नक्की का, ते मला आता सांगता येत नाही.


२३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

कार्ड मिळालं. अक्षर जरा थरथरलंय, पण खवटपणा शाबूत आहे. "तारामासा हा मासा नव्हे, त्याला कणा नसतो. चालतो का हा प्रश्न अर्धवट आहे. कोणता तारामासा? हात किती, पाठीवर काय, पोट कसं? तुला चित्रकलेत बक्षीस होतं. चित्र काढ." माझी खुशाली विचारायला कार्डावर जागा उरली नसावी.

चित्र सोबत पाठवते आहे. रंगपेटी शोधायला दोन दिवस गेले. सामानाच्या तळाशी होती, इथे आल्यापासून उघडलीच नव्हती. हात पाच, जाडजूड. पाठीवर तपकिरी टेंगळं, चॉकलेटचे तुकडे खोचल्यासारखी. पोटाकडची बाजू काचेला चिकटला तेव्हा काढली. सकाळभर समोर बसून होते. टेंगळं मोजून काढलीत, उगाच शोभेला नाहीत.

तुला खरं सांगायचं तर प्रश्न बटणांचा राहिलेला नाही.

मुलाने बादल्यांवर चिठ्ठ्या डकवल्यात. एकीवर "मीठ", दुसरीवर "साधं". मोठ्या, ठळक अक्षरात, बालवाडीत लावतात तशा. मग गॅसच्या बटणाशी एक चिठ्ठी आली. मग दाराच्या आतल्या बाजूला, "किल्ली घेतली का?" परवा जेवताना सूनबाई म्हणाल्या, "आई, आपण एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या का? नुसतं विसरण्याबद्दल. माझ्याकडे किती पेशंट येतात, वेळेवर कळलं तर बरं असतं." बोलणं गोड होतं गं. चिडायला जागाच ठेवली नाही. मुलगा ताटाकडे बघत होता.

पुढच्या महिन्याच्या अखेरची वेळ घेतली आहे. प्रश्न विचारतात म्हणे, आज कोण वार, शंभरातून सात वजा करा, घड्याळ काढून दाखवा. शंभरातून सात वजा करायला मी अजून भीत नाही. भीती वेगळीच आहे. रोज दुपारी त्या दोन बादल्यांसमोर उभी राहते, "साधं" वाचते, उचलते, आणि ओतल्यावर पुन्हा वाचते. काल बोट बुडवून चाखून पाहिलं. मागे सूनबाई उभ्या होत्या, रुमाल विसरला म्हणून परत आलेल्या. त्यांनी बघितलं ते मी बघितलं.

तारामासा सेफ असेल तर बटणं मी मारली. तेव्हा काय ते सांग, आणि माझ्याकडे बघून सांगू नकोस. चित्राकडे बघून सांग.

धाकटी


७ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र काल आलं. कार्ड नव्हे, पाकीट! आत कागद एकच, पण दोन्ही बाजूंनी लिहिलेला.

"हा खातो," इतकं वाचलं आणि खुर्चीत बसले. पोट तोंडातून बाहेर काढतो, प्रवाळावर पसरतो, बाहेरच पचवतो आणि पुन्हा आत घेतो. शी! जेवणाच्या टेबलावर वाचू नये असं पत्र. आणि काही जाती अगदी गरीब असतात, खडकांच्या फटीत राहून उरलंसुरलं उचलणाऱ्या, त्यांना ठेवायला हरकत नाही; पण टेंगळं असलेला हा त्यातला नाही.

तुझं पुढचं वाक्य मात्र मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं. "तरीही अंदाजावर शिक्षा नको, ना त्याला ना तुला. त्याला जाळीच्या पेटीत घाल, टाकीतच ठेव, पाण्याबाहेर काढू नकोस. बाकी काही बदलू नकोस. पाणी तूच भर. मग बघ." बाई, तू अजून प्रयोगवहीतच बोलतेस.

मुलाला सांगितलं तर म्हणाला, "अगं, दुकानदार वीस वर्षं हाच धंदा करतोय."

"आणि तुझी मावशी चाळीस वर्षं शिकवत होती," मी म्हटलं.

"मावशी? ती बोलते आपल्याशी?"

"माझ्याशी नाही बोलत. तारामाशाबद्दल बोलते."

सूनबाई फस्सकन हसल्या. त्यांनीच बिस्किटाला पाण्याखालून पेटीत ढकललं. व्यायाम शिकवून शिकवून हात घट्ट आहेत त्यांचे, पण बिस्किटही कमी नाही, काचेला असा धरून बसला की एकेक पाय सोडवायला अर्धी संध्याकाळ गेली. "सोड रे राजा, सोड, खांदा सैल," असं त्याला म्हणत होत्या.

मुलाने मला पाणी भरायला बंदी करावी असं सुचवून पाहिलं. सूनबाई म्हणाल्या, "नाही. मावशींनी सांगितलंय ना, आईच भरतील." मी मान खाली घालून टाकीची काच पुसली. स्वच्छच होती.

आता थांबायचं. डॉक्टरांची तारीख तशीच आहे.

धाकटी


२८ मार्च

ताई,

उघडली!

सगळी नाहीत. जी गेली ती गेलीच. पण कडेची जी नुसती मिटून बसली होती, त्यातली दोन मंगळवारी उघडली आणि आज सकाळी एक आख्खी ओळ. हिरवी, मधे केशरी ठिपका. नवा चट्टा एकही नाही. पाणी रोज मीच भरलं. आकडा वर का होता तेही तुझ्या पत्रामुळे सुचलं. मुलाने त्या दिवशी मोजलं ते मी भर घालण्याच्या आधी. पाणी उडालेलं असताना आकडा वर असणारच. त्यालाही पटलं. पुलांची गणितं करणारा मुलगा, पण घरात आल्यावर डोकं चपलांबरोबर बाहेर ठेवतो.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गं आम्ही," म्हणाला आणि माझ्या खांद्यावर कपाळ टेकवलं. लहानपणी टेकवायचा तसं. मला एवढंच पुरलं. बादल्यांवरच्या चिठ्ठ्या त्याने स्वतः काढल्या. "साधं"ची निघेना, अर्धी चिकटूनच राहिली. डॉक्टरांची वेळ सूनबाईंनी फोन करून रद्द केली, माझ्यासमोर.

बिस्किटाला दुकानात परत देणार होते, पण सूनबाईंचा जीव जडलाय. दवाखान्यात एक साधी टाकी आणून त्यात एकट्याला ठेवलंय. गुडघे धरून आलेले पेशंट त्याला चिमट्याने कोळंबीचे तुकडे भरवतात. पोट काढतो तेव्हा टाळ्या वाजतात म्हणे. बटणं खाऊन त्याचं काही बिघडलं नाही, उलट बाळसं धरलंय.

दुकानदाराने भरपाई म्हणून एक निळा दिलाय. काय निळा आहे गं, आपल्या शाळेच्या स्वेटरसारखा. हात लांब, सडपातळ. "हा बिलकुल कोणाला त्रास देत नाही, प्रवाळाला धक्कासुद्धा लावत नाही, काही घालावंही लागत नाही," असं तो म्हणाला. तेवढ्यात मुलाने एक यंत्रही बसवून घेतलं. पाणी उडालं की आपोआप साधं पाणी भरतं. काच घासायलाही एक चुंबक आलाय. "आई, आता तुला काही म्हणजे काही करायला नको."

किती चांगलं झालं, नाही?

धाकटी


३० मे

प्रिय ताई,

मी दोन महिने लिहिलं नाही, आणि तूही. मग काल तुझं कार्ड. ना "प्रिय", ना तारीख. एकच ओळ.

"निळ्याला काय घालतेस?"

ताई, मी वाचलं आणि उठून टाकीशी गेले.

तुला खोटं कशाला सांगू, मला आधीच दिसलं होतं. रोज समोर बसते, दिसणार नाही का? एप्रिलच्या शेवटापासून त्याचे हात बारीक होत चाललेत. निळा रंग तसाच, म्हणून बाकी कोणाच्या लक्षात येत नाही. काचेवर सरकतो, कधी वर, कधी खाली, दिवसभर. आता एका हाताचं टोक पांढुरकं पडलंय. कोळंबी पुढे ठेवली, घेतली नाही. वाळवलेलं शेवाळ ठेवलं, त्यावरून तसाच निघून गेला. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "तो काही मागत नाही ताई, तोच तर त्याचा गुण."

मुलाला दाखवलं. त्याने वाकून बघितलं, मोबाइलचा दिवा धरला. "मस्त तर आहे! कधी कुठे तक्रार आहे त्याची?"

त्याला बोल लावत नाही. सकाळी निघताना "येतो गं", दुपारी फोन, "जेवलीस ना?" मी "हो" म्हणते. जेवलेलीच असते, खोटं नाही. फ्रिजमध्ये डबे असतात, वर चिठ्ठी नसते आता. गरम करते आणि टाकीसमोर बसून खाते. रविवारी बाहेर जेवायला नेतात. माझी खुर्ची कडेला असते, तिथे बोलणं ऐकू येत नाही, मग मी नुसती हसते. परवा त्यांच्या मित्राच्या बायकोने विचारलं, "सासूबाई तुमच्याकडेच असतात? काही त्रास?" सूनबाई पटकन म्हणाल्या, "छे छे! आईंचा काहीच त्रास नाही. असतात की नाही कळतसुद्धा नाही." अगदी कौतुकाने म्हणाल्या गं. मी मान डोलावली.

रात्री झोपताना मग तू बाबांच्या घरी फाटकापाशी उभी राहून म्हणालीस ते आठवलं. हे गेल्यावर आपण दोघींनी ठरवलं होतं ना, उरलेली वर्षं एकत्र काढायची. तू मोठं घर घेतलंस, दुसरी खोली रंगवलीस, आणि मग मी मुलाकडे जायचं ठरवलं. "पाहुणी म्हणून जाते आहेस, पाहुणी म्हणूनच राहशील," म्हणालीस. मी त्यावर काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल.

दमायला झालंय ताई. काम नाही, आजार नाही, भांडण नाही, आणि दमायला झालंय. असून अडचण नाही, नसून खोळंबा नाही, असं माझं झालंय. म्हण उलटली की बरी वाटेल असं वाटलं होतं.

निळ्याचं काय करू ते सांग.

आणि ती दुसरी खोली. तिथे आता काय असतं?

धाकटी


१६ जून, सकाळ

ताई,

तुझं पत्र पावलं. "दुसऱ्या खोलीत पुस्तकं आहेत. हलवायला माणूस हवंय. माझे गुडघे गेलेत, तेव्हा ते माणूस म्हणजे तू. लवकर ये, मी कोणाची वाट बघत बसत नाही." चार वाक्यांत किती खोटं बोलतेस. रंग नव्याने दिलास ते रंगाच्या बोटांचा ठसा पाकिटावर उमटलाय त्यावरून कळलं.

रविवारी दोघांना सांगितलं. मुलगा उठून उभाच राहिला. "आम्ही काही बोललो का? काय कमी आहे इथे तुला?"

"काही कमी नाही रे."

"मग?"

"मावशीकडे पुस्तकं हलवायची आहेत."

"आई, मी माणूस पाठवतो ना पुस्तकं हलवायला! दोन माणसं पाठवतो!"

त्याच्याकडे बघून मला हसूही आलं आणि रडूही. सूनबाई मात्र टाकीकडे बघत होत्या. तुझं निळ्याबद्दलचं पत्र मी त्यांना आधी वाचून दाखवलं होतं. हा जुन्या दगडांवरची न दिसणारी साय खातो, घरच्या टाकीत ती पुरत नाही, कोणाला त्रास न देता महिनोन्‌महिने उपाशी राहतो आणि एक दिवस विरघळतो, असं तू लिहिलंस ना, ते. नजर न हलवता म्हणाल्या, "जेवलात का, हे मी रोज विचारलं. काय जेवलात, हे कधीच नाही विचारलं."

मी म्हटलं, "वेडे, तू बिस्किटाला सांभाळलंस ना. त्याच्या वाट्याचे लाड करतेसच की." इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा "तू" म्हणाले. तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती माझी बॅग भरायला बसली आणि सगळं चुकीच्या क्रमाने भरलं.

तर आता सगळी व्यवस्था लिहून ठेवते, म्हणजे गाडीत बसल्यावर कोणाचा फोन नको.

निळा तुझ्या त्या विद्यार्थिनीकडे, जिच्याकडे मत्स्यालयातली जुनी मोठी टाकी आहे. तू तिला सांगून ठेवलंस ते बरं केलंस. मुलगा आज स्वतः घेऊन जाईल. पिशवीतून निघाल्यावर थेंब थेंब पाणी घालून त्याला नव्या पाण्याची सवय करायची, घाई नको, हे त्याला दोनदा सांगितलंय. वाचेलच असं नाही, हे तू लिहिलंस तेही सांगितलंय. तरी नेतोय. दगड मात्र तिच्याकडे भरपूर आहेत.

खारटपणा मोजायची नळी सूनबाईला. मुलाला नाही, तो भर घालायच्या आधी मोजतो.

टाकीसमोरचं माझं बुटकं स्टूल मुलाला. त्यावर बसल्याशिवाय खालच्या दगडामागचं दिसत नाही. रोज थोडा वेळ बसायचं असं कबूल करून घेतलंय.

किल्ली मी ठेवून जात नाही. तो म्हणाला, राहू दे तुझ्याकडेच, म्हणून पर्समध्ये आहे.

बिस्किटाचं मी काढलेलं चित्र तुझ्याकडे आहे, ते सूनबाईला पाठव, दवाखान्यात लावणार आहे. टेंगळं बरोबर आहेत का ते आधी मोजून घे, नाहीतर पेशंट मोजतील.

रंगपेटी माझ्याबरोबर. "साधं"ची अर्धी चिठ्ठी चिकटलेली बादलीही माझ्याबरोबर, मुलगा म्हणाला बादली कशाला, पण मला हवी आहे.

शाळेच्या कपाटातला तो वाळलेला तारामासा शेवटी तूच उचललास हे मला ठाऊक आहे. कपाट गेलं तेव्हा तुझ्या उशीखाली सापडला होता, आईने मला सांगितलं होतं. तो मला हवा. खिडकीत ठेवीन, उलटा, तोंड वर करून.

पुढच्या शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येते. भूक लागलेली असेल.

तुझी
धाकटी